व्याज चढतं, धूळ साठते

प्रश्न : ठेवीच्या पावतीवर ‘क्युम्युलेटिव्ह’ आणि बँकेच्या पत्रात ‘अक्रूड इंटरेस्ट’. दोन्हींचा अर्थ साठलेलं असाच ना? (निवृत्त शिक्षिका, कोथरूड)

अगदी तसा नाही. ‘क्युम्युलेटिव्ह’ आणि त्याचा भाऊबंद ‘अक्युम्युलेट’ (साठणे, साठवणे) या दोन्हींच्या पोटात लॅटिन ‘क्युम्युलस’ आहे, म्हणजे ढीग. कापसाच्या ढिगासारख्या ढगांचं नावही तेच. ‘अक्रूड’ हे ज्याचं रूप, त्या ‘अक्रू’चं मूळ ‘वाढणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. चंद्रकोरीचा ‘क्रेसेंट’ त्याच घरातला. मराठीत हा फरक आपण रोज पाळतो, फक्त लक्षात येत नाही. धूळ साठते, पाणी साचतं. व्याज मात्र ‘चढतं’. हे चढणं म्हणजे अक्रू! मुद्दल जागच्या जागी असतं आणि त्याच्यावर दिवसागणिक हक्काची रक्कम चढत जाते, ती हातात पडो न पडो. पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीचं बचत खातं, पाहा. व्याज महिन्याच्या हिशेबानं चढतं, पण खात्यात जमा होतं ३१ मार्चला. (पैसे पाच तारखेच्या आत भरत जा, नाहीतर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज बुडतं.) चढलेलं व्याज मधे न काढता मुदत संपेपर्यंत ठेवीतच राहू दिलं, की ती ठेव क्युम्युलेटिव्ह.

प्रश्न : व्याज अजून हातात आलं नाही, तरी बँकेनं टीडीएस (व्याजातून परस्पर कापला जाणारा आयकर) कापला. का? (सिंहगड रस्ता)

कारण हाच शब्द. आयकर कायद्यात उत्पन्न मिळण्याच्या जोडीला ‘अक्रू’ होणंही धरलेलं आहे. ठेव पाच वर्षांची असली, तरी बँक त्या-त्या वर्षी चढलेल्या व्याजावर कर कापते. विवरणपत्रातही दरवर्षी तेवढं व्याज दाखवलंत, तर शेवटच्या वर्षी सगळा बोजा एकदम पडत नाही.

प्रश्न : ‘अप्पा बळवंत चौकातून मी पुष्कळ पुस्तकं अक्रू केली’ हे इंग्रजीत चालेल? (विद्यार्थी, सदाशिव पेठ)

नाही. पुस्तकं तुम्ही हिंडून, घासाघीस करून जमवलीत, तिथे अक्युम्युलेट. पुस्तकांना पुस्तकं आपोआप फुटली असती, तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : मग रजा? आमच्या एचआरच्या मेलमध्ये दोन्ही शब्द असतात. (हिंजवडी)

दोन्ही बरोबर. काम केलेल्या दिवसांच्या हिशेबानं रजा अक्रू होते, न घेतलेली अक्युम्युलेट होते. ती किती साठू देतात आणि वरची बुडते का, हे मात्र एचआरलाच विचारा.