गमिनी नव्हे गनिमी, आणि कावा घोड्याचा

देवगडहून एका वाचकाने विचारलंय: "बातम्यांत 'स्वस्त ड्रोन म्हणजे आजचा गमिनी कावा' असं सारखं ऐकू येतं. हे बरोबर आहे का? आणि ड्रोनला मराठीत काय म्हणायचं?"

आधी ते 'गमिनी' थांबवा. परवा एका निवेदकाने अर्ध्या तासात ते चारदा म्हटलं, शेवटी मी आवाज बंद करून नुसती चित्रं पाहिली. शब्द 'गनीम', अरबी, म्हणजे शत्रू, लुटारू. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत. आपण ती शिवी बिरुदासारखी मिरवली. एवढं पुरे, कारण खरी गंमत 'कावा'त आहे.

कावा म्हणजे कपट, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. पण मुळात कावा घोड्याचा. घोडा गोल फिरवायचा, वळसे द्यायचे, तो कावा. हिंदीत 'कावा काटना' आहेच. चालून यायचं, ऐन टप्प्यात वळसा घेऊन निसटायचं, पाठलागाला निघालेल्यांची फळी विस्कटली की पुन्हा वळून तुटून पडायचं. फसवणुकीचा अर्थ या रिंगणातूनच आला, असं माझं ठाम मत आहे. एका निवृत्त गुरुजींनी मला दोन पानी पत्रातून कळवलं, की कावा कावळ्यावरून आला, कारण कावळा लबाड. गुरुजी, लबाडीवरूनच शब्द पाडायचा तर कोल्ह्याने काय घोडं मारलं होतं?

बंदरावर बांगडे सुकत घातले की वर घार बघा. पंख न हलवता गोल गोल, खाली राखण करणारी म्हातारी मान वळवते न वळवते तोच झेप. हा कावा! इस्रायलचं 'हारोप' हे स्फोटकं भरलेलं ड्रोन हेच करतं: तासन्‌तास आकाशात फिरत राहतं आणि रडार सापडलं की स्वतःच त्याच्यावर जाऊन आदळतं. वर्तमानपत्रं त्याला 'आत्मघाती ड्रोन' म्हणतात. आत्मा कुठाय त्यात? मी 'घिरटं' म्हणेन. हसा खुशाल.

उलट युक्रेनमध्ये यंत्राच्या कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणारा गॉगल डोळ्यांवर चढवून उडवतात ते चार-पाचशे डॉलरचं यंत्र. लाखो डॉलरच्या रणगाड्यावर ते थेट जाऊन धडकतं. ती गोफण झाली. हत्यार स्वस्त म्हणून त्याचा कावा होत नाही, आणि निवेदक नेमकी तीच गल्लत करतात. मात्र 1 जून 2025ला युक्रेनने ट्रकांतून लपवून नेलेले 117 ड्रोन रशियाच्या पोटात शिरून तिथल्या लष्करी विमानतळांवर सोडले, तो अस्सल कावा. आणि 14 फेब्रुवारी 2024ला क्रिमियाजवळ युक्रेनच्या बिनमाणसांच्या छोट्या होड्यांनी 'त्सेझार कुनिकोव्ह' ही रशियन युद्धनौका बुडवली, तेव्हा मला कान्होजी आंग्र्यांची गलबतंच आठवली. वारा पडून मोठं जहाज जागच्या जागी अडकलं की ती वल्हवत येऊन त्याला मागून गाठायची, कारण जहाजाच्या तोफा बहुतेक बाजूंना. (गलबत पोर्तुगीज की आपलं, हा वाद पुन्हा कधीतरी. माझं मत गुरुजींना आवडणार नाही.)

हां, ड्रोनला मराठी शब्द. इंग्रजीत ड्रोन म्हणजे नर मधमाशी, आणि गंमत अशी की त्याला नांगीच नसते. तरी 'ड्रोन'च म्हणा. जानेवारी 2025पासून मत्स्यव्यवसाय खात्याचे ड्रोन आपल्या किनाऱ्यावर फिरतायत. तुमच्या बंदरात 'ड्रोन इलो' असंच म्हणत असतील. 'मानवरहित हवाई वाहन इला' म्हणेपर्यंत तो घिरटी मारून परतसुद्धा जाईल.