तीन महिन्यांची नोटीस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी आलीस, चहावर साय धरेपर्यंत त्याच्याबद्दल, तुमच्या तुटलेल्या नात्याबद्दल बोललीस आणि उंबऱ्यावर चप्पल घालताना म्हणालीस, "बाई, परिस्थितीच तशी होती." तेव्हापासून मला चैन नाही. हेच वाक्य मी अकरा वर्षं म्हणत होते.

१९८६ साली इथेच, सांगलीत, आमचं रजिस्टर लग्न ठरलं होतं. जात वेगळी, दोन्ही घरं नाराज. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे आधी नोटीस द्यावी लागते. ती कचेरीत लागते, हरकतीसाठी तीस दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आमचे तीस दिवस उलटले, एकही हरकत आली नाही. साक्षीदार तयार होते. मी मात्र "आईचं ब्लडप्रेशर वाढलंय, पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत राहिले.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी एकटीच कचेरीत गेले. फळ्यावर आमचा कागद होता. कारकुनाने माझ्या नावाची वेलांटी चुकवली होती. खालची टाचणी निघून आली होती, पंख्याच्या वाऱ्यावर कोपरा फडफडत होता. तो कोपरा मी बोटाने दाबून धरला, बराच वेळ. मग घरी आले आणि भाकऱ्या थापायला बसले.

पुढे वर्षानुवर्षं सगळा राग आईवर निघाला. भाजीत मीठ जास्त झालं तरी मी तिच्यावर खेकसायची. आई लग्नाच्या विरोधात होती हे खरं, पण दार अडवून ती कधीच उभी राहिली नव्हती. भ्याले मी होते. हे स्वतःशी कबूल केलं त्या रात्री मी खूप रडले, पण सकाळी आईशी नीट बोलू शकले.

म्हणून सांगते, त्याचा डीपी बघत बसू नकोस. आठवण येईल, येऊ दे. आयर्विन पुलावरून जाताना मला आजही येते, आणि ती यावी असंच वाटतं. पण "परिस्थिती" हा शब्द खोडून टाक. कोणत्या दिवशी, कुणासमोर, काय बोलायचं राहिलं, तेवढंच वहीत लिही. त्याला कळवावंसं वाटलं तर एकदाच कळव. त्यात "अजून आठवण येते" नको, उत्तराची मागणी नको. त्याचं लग्न ठरलं असेल तर तेही नको. वही तुझ्यापाशीच राहू दे.

१९९७ मध्ये मिरज स्टेशनवर तो अचानक भेटला. गाडी यायला थोडाच वेळ होता. मी म्हटलं, "मी भ्याले होते." त्याने मान हलवली. मग विचारलं, "आईचं ब्लडप्रेशर कसं आहे आता?"

अगदी मनापासून विचारलं गं त्याने.

लिहिलंस तर पाठवण्याआधी मला वाचून दाखव. पुढच्या रविवारी मी घरीच आहे.

तुझ्या बाई