छोट्या मोटरबोटीला नोंदणी लागते का?

हो, स्वतःच्या हौसेसाठी रामटेकजवळच्या खिंडसी तलावात फिरवायची चार सीटची बोट असली तरी इंजिन बसवलं की नोंदणी लागते. पण आरटीओत नाही, महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे. अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 यांत्रिक बोटींना सर्व्हे (म्हणजे बोटीची अधिकृत तपासणी) आणि नोंदणी दोन्ही सक्तीची करतो. आधी सर्व्हे, मग नोंदणी, हा क्रम उलटत नाही. मागच्या आउटबोर्ड इंजिनाचं बिल जपून ठेवा, सेकंडहँड बोटीत नेमकं तेच गायब असतं! विमाही लागतो. कारचं लायसन्स इथे कामाचं नाही. मात्र नोंदणी म्हणजे पाण्यात उतरायची परवानगी नव्हे. ती परवानगी, तलाव ज्याच्या ताब्यात, त्या विभागाकडून वेगळी घ्यायची. तोतलाडोह जलाशय तर पेंच व्याघ्रप्रकल्पात येतो, तिथला विचारच सोडा.