डबीतल्या सहा गोळ्या

समुपदेशनाला येणारे लोक बहुधा रिपोर्टची फाईल घेऊन येतात. या ताईंनी टेबलावर आधी गोळ्यांची डबी ठेवली. सात वारांचे सात कप्पे, प्रत्येकात सहा गोळ्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) "मॅडम, आठ महिने झाले, चक्कर काही जात नाही. अजून कुठलं व्हिटॅमिन कमी पडत असेल?"

हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. मी उलटं विचारलं, "चक्कर म्हणजे नेमकं काय होतं?" घेरी येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, झोक जातो, या सगळ्याला आपण चक्करच म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

त्यांची गोष्ट दोन तुकड्यांची निघाली. सुरुवातीला अंथरुणात कूस बदलली की खोली गरगर फिरायची, अर्धा-एक मिनिट. आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की असं होतं. डॉक्टरांनी डोकं ठरावीक क्रमाने वळवून, म्हणजे एप्ली पद्धतीने, ते परत जागी नेले आणि गरगर थांबली. आता उरलं होतं ते वेगळंच. चालताना पायाखाली गादी असल्यासारखं वाटायचं.

"तोंड धुताना?" मी विचारलं.

त्या जरा दचकल्या. "साबण लावून डोळे मिटले की एक हात बेसिनला धरावाच लागतो. पायाच्या बोटांना मुंग्याही असतात. पण ते वयाचं असेल ना?"

डोळे मिटल्यावर तोल सांभाळायचं काम कानावर आणि पायांतल्या नसांवर येतं. बी-१२ कमी असेल तर या नसा कुरकुरतात, म्हणून मी रिपोर्ट पाहिला. बी-१२ भरपूर होतं. मग आम्ही बाटल्यांची लेबलं वाचायला बसलो. अक्षरं इतकी बारीक की फोनने फोटो काढून मोठी करावी लागली. 'पायरिडॉक्सिन' हा शब्द तीन बाटल्यांवर सापडला: १००, ५० आणि १० मिलिग्रॅम. हे बी-६चंच दुसरं नाव. मोठ्या माणसाला ते दिवसाला दीड-दोन मिलिग्रॅम पुरतं. ताई रोज १६० घेत होत्या, महिनोन्‌महिने, आणि बी-६चा असा अतिरेक नसांनाच इजा करतो. तीन बाटल्या तीन वेगवेगळ्या माणसांनी सुचवलेल्या. बेरीज कुणी केली नव्हती.

औषध चालू-बंद करणं माझं काम नाही. मी बेरीज कागदावर मांडून त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. नसांची तपासणी झाली, बी-६ थांबलं. व्हिटॅमिन डी मात्र डॉक्टरांनी ठेवलं, कारण ताईंच्या रक्तात त्याची पातळी १४ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) होती. खड्यांची चक्कर येऊन गेलेल्यांवर कोरियात एक चाचणी झाली, २०२० साली प्रसिद्ध झालेली. त्यात पातळी २०च्या खाली असलेल्यांना डी आणि कॅल्शियम दिलं, तेव्हा ती परतण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. म्हणजे गोळी कामाची आहे, पण कमतरता असेल तर, आणि तेही त्या एका प्रकारच्या चक्करेसाठी.

माझं खरं काम पुढे होतं. "गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा गरगरलं तर?" या धास्तीने त्या घरात भिंतीला हात लावून चालत, एकट्या बाहेर पडतच नसत. त्यात बी-६ थांबवल्यावर पहिले काही आठवडे मुंग्या उलट वाढल्या. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी त्या रडवेल्या होऊन आल्या. फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम तर त्यांना शिक्षाच वाटे: अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर त्यावर खिळवायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची. त्याने थोडं गरगरतं, आणि तेवढं गरगरल्याशिवाय मेंदू नवा हिशेब शिकत नाही. आम्ही 'बरं वाटलं का' हा प्रश्नच काढून टाकला. वहीत दोनच नोंदी ठेवल्या: आज भिंत किती वेळा धरली, आणि किती पावलं न धरता टाकली. अचानक जीभ जड झाली, एका बाजूची ताकद गेली किंवा एकाच्या दोन वस्तू दिसल्या, तर वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं, हे पहिल्याच पानावर ठळक लिहून घेतलं.

पाच महिन्यांनी त्यांचा फोन आला. मुंग्या अजून आहेत, कमी आहेत. "आणि आज साबण दोन्ही हातांनी लावला," त्या म्हणाल्या. मग थांबून, "कोपर मात्र बेसिनला टेकवलं होतं हां."