जुन्या ट्रकचं बारकाईचं स्केल मॉडेल करायचंय, पण किट मिळत नाही. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची बॉनेटवाली टाटा-मर्सिडीज, म्हणजे आपली बारा-दहा (१२१०), छोटी करून घरात ठेवायची आहे. हाताशी चार जुने फोटो आहेत आणि केबिनपासून सुरुवात करायचा विचार आहे.

केबिनपासून करू नका. मी माझ्या काकांच्या गाडीचं मॉडेल करताना तेच केलं होतं. तीन महिने खपून केबिन आणि बॉनेट केलं, मापं फोटोवरून घेतली. जवळून काढलेल्या फोटोत गाडीचं नाक असतं त्यापेक्षा मोठं दिसतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, करून त्यावर बॉनेट ठेवलं तर ४ मिमी जास्त! १:२४ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढ्या मॉडेलात, ४ मिमी म्हणजे खऱ्या गाडीत जवळजवळ १० सेंटिमीटर. पुढचं चाक मडगार्डच्या मधोमध येईचना. सगळं पुन्हा करावं लागलं.

आधी गाडी नेमकी कोणती ते ठरवा. टेल्को (आजची टाटा मोटर्स) १९४५ साली रेल्वे इंजिनांसाठी सुरू झाली. १९५४ मध्ये डायमलर-बेन्झशी करार होऊन जमशेदपूरला ट्रक बनायला लागले आणि हा करार १९६९ ला संपला. त्याआधीच्या गाडीच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा असतो, नंतरच्या गाडीवर टाटांचा टी. १२१० या आकड्यातले १२ म्हणजे भरलेल्या गाडीचं एकूण वजन टनांत, आणि १० म्हणजे साधारण शंभर अश्वशक्ती. फोटोत तारा दिसतोय का, ते भिंगातून बघा.

किट नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. असतं तरी ती आजोबांची गाडी झाली नसती. कारखान्यातून बहुतेक वेळा बॉनेट-इंजिनसकट नुसती चासी यायची. केबिन आणि हौदा (मागचा माल भरायचा भाग) बांधायचा बॉडीवाला मिस्त्री. त्यामुळे एकाच आठवड्यात निघालेल्या दोन गाड्याही सारख्या नसायच्या. तुमच्या कामातही दोन मापं चालणार हे धरून चला. चासी मिलिमीटरमध्ये, हौदा फुटात. म्हणूनच मी १:२४ घ्या म्हणतो. या मापात खरा एक फूट म्हणजे तुमच्या पट्टीवर बरोबर अर्धा इंच. मिस्त्री म्हणाला सतरा फुटी हौदा, की तुम्ही साडेआठ इंच कापायचे.

मापं घ्यायला भंगारात किंवा एखाद्या गॅरेजमागे उभी असलेली तशीच गाडी शोधा. मालकाला विचारून टेप लावा. प्रत्येक फोटोत एक पट्टी धरा आणि लांब उभं राहून झूम करून फोटो काढा. मडगार्डची गोलाई टेपने मिळत नाही. त्यासाठी सोल्डरची जाड तार मडगार्डवर दाबून वाकवायची, अलगद उचलायची आणि तिथेच पुठ्ठ्यावर आखून घ्यायची.

मग चासी. दोन लांब सी-चॅनल, मध्ये आडव्या पट्ट्या. सगळं स्टायरीन या प्लॅस्टिकच्या शीटचं होतं, अवघड काही नाही. रिव्हेट मात्र पट्टी चिकटवण्याआधी मागच्या बाजूने बोथट सुईने दाबून उठवा, नंतर जमत नाही.

आता पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा. यावर हवा तेवढा वेळ द्या, कारण ट्रक खेळण्यातला दिसतो की ओझं वाहणारा दिसतो, ते इथे ठरतं. खरा पाटा साधारण ७० मिमी रुंद आणि १२ मिमी जाड असतो. म्हणजे तुम्हाला ३ मिमी रुंद, अर्धा मिमी जाड पट्टी लागेल. प्रत्येक पट्टी वरच्यापेक्षा थोडी आखूड कापा. कडक गरम पाण्यात धरून बाटलीवर वाकवा, एकावर एक चिकटवा आणि मधोमध तांब्याच्या तारेचे यू-बोल्ट घाला. पण वाकवण्याआधी ठरवा, गाडी भरलेली आहे की रिकामी? रिकाम्या गाडीचे मागचे पाटे चांगले कमानदार असतात आणि वरचा जोडपाटा (जास्त ओझ्यासाठीचा मदतीचा पाटा) आपल्या ठोकळ्यांना टेकलेलाच नसतो. भरलेल्या गाडीत कमान जवळजवळ सपाट होते आणि जोडपाटा टेकतो. हौद्यात उसाच्या मोळ्या रचून खाली कमानदार पाटे ठेवलेलं मॉडेल मी बघितलंय. काम सुरेख होतं, पण ऊस थर्माकोलचा वाटत होता.

टायरचंही तसंच. ९.००-२० चा टायर साधारण एक मीटर उंचीचा, म्हणजे आपल्याकडे ४२ मिमी. एक चांगला करा, सिलिकॉनचा साचा घ्या आणि रेझिनमध्ये सात ओता. मागे चार, पुढे दोन आणि स्टेपनी. जमिनीवरच्या सहा टायरांचा तळ फक्त अर्धा मिमी घासा. टेकणारी जागा नऊ मिमीची होते, खऱ्या हिशेबात बावीस सेंटिमीटर. एवढ्यानं गाडी जमिनीवर बसते. दुसऱ्या किटमधले मऊ व्हिनाइलचे टायर वापरणार असाल तर रिमवर आधी रंगाचा चांगला थर द्या, नाहीतर काही वर्षांत व्हिनाइल स्टायरीनला खातं.

हौद्याला खरं लाकूडच वापरा, पण सागवान नको. त्याच्या रेषा या मापात दोरखंडाएवढ्या दिसतात. आईस्क्रीमच्या काड्या बारीक रेषांच्या असतात. २ मिमीची काडी म्हणजे जवळजवळ पाच सेंटिमीटरची फळी होते, म्हणून घासून दीड मिमीच्या खाली आणा. फाळका, म्हणजे हौद्याची मागची झडप, बिजागरीवर उघडता ठेवा. बॉनेट पहिल्या मॉडेलमध्ये बंदच ठेवा. सहा सिलिंडरचं इंजिन हे वेगळं एक वर्षाचं काम आहे.

नंबर प्लेटवर एमएच-१२ वगैरे टाकू नका. ती पद्धत १९८९ पासूनची. फोटोतला तीन अक्षरांचा जुना नंबर आहे तसाच घ्या.

गंज किती दाखवू, असंही तुम्ही विचारलंय. चालत्या गाडीवर जवळजवळ नाहीच. आपल्याकडे मालक दसऱ्याला गाडी धुऊन, रंगाचा हात मारून पूजेला उभी करतात. गंज हौद्याच्या साखळीवर, सायलेन्सरवर, पायरीच्या कडेला, बस. त्याऐवजी वापर दाखवा. डिझेल टाकीच्या झाकणाखाली ओघळ, त्यावर चिकटलेली धूळ. चाकाच्या आतल्या बाजूला माती, आणि ती गाडी जिथं चालायची तिथली, कोकणात तांबडी, देशावर काळी. काकांच्या गाडीच्या उजव्या दरवाज्याचा वरचा काठ एका ठिकाणी पत्र्यापर्यंत झिजून चकाकायचा, कारण तिथं त्यांचं कोपर असायचं. खऱ्या गाडीवरचा तो वीतभर तुकडा मी मॉडेलवर पेन्सिलच्या शिशाने घासून केला, आणि काकूनं मॉडेल हातात घेतल्यावर आधी तिथंच बोट ठेवलं. आजोबांच्या गाडीवर अशी जागा कुठं होती, ते घरात विचारून घ्या.