आधी मेकॅनिक, मग गाडी

जुन्या पण चालवायला मजा देणाऱ्या गाड्यांबद्दलचे प्रश्न बरेच साठले होते, ते या वेळी एकत्र घेतोय. जवळपास प्रत्येकाने ‘किंमत बरोबर आहे का’ एवढंच विचारलंय. किमतीकडे मी सगळ्यात शेवटी बघतो. ती गाडी उघडून पुन्हा नीट बसवणारा माणूस तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे का, हे आधी बघतो. उत्तरं वाचताना ते लक्षात येईलच.

पुण्यात राहतो. २०१५ ची पोलो जीटी टीएसआय, ७८ हजार किलोमीटर, सेकंड ओनर, साडेचार लाख सांगताहेत. डीएसजी गिअरबॉक्सची सगळे भीती घालतात. घ्यावी का?

साडेचारच असतील तर नको. साडेचार देऊन वर दीड लाख बाजूला ठेवता येत असतील तर जरूर बघा. तुम्ही पुण्यात आहात ही जमेची मोठी बाजू. गाडी चाकणची, आणि फोक्सवॅगन-स्कोडावर हात बसलेली खासगी गॅरेजं शहरात भरपूर आहेत.

आता भीतीचं. या गाडीत १.२ लिटरचं टर्बो इंजिन आहे, १०५ पीएस (ताकद) आणि १७५ न्यूटन-मीटरचं (टॉर्क, म्हणजे ओढ), आणि त्याला सात गिअरचा डीक्यू२०० हा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, जोडलाय. त्यातले दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे थंड ठेवायला भोवती तेल नाही. सिंहगड रोडला संध्याकाळी गाडी वीतवीत पुढे सरकते, तेव्हा क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि तापतो. सेकंड ओनरपेक्षा आधीचा मालक रोज कुठल्या रस्त्याने ऑफिसला जायचा, हे विचारणं म्हणूनच जास्त उपयोगाचं. दुसरा दुखरा भाग मेकॅट्रॉनिक युनिट. क्लच आणि गिअर हलवणारं हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक डोकं एकाच पेटीत आहे. ते गेलं तर गाडी कधीकधी पुढे जाते पण रिव्हर्स घेत नाही, किंवा डॅशबोर्डवर गिअरचा आकडा लुकलुकतो. क्लच किंवा मेकॅट्रॉनिक, काहीही बदलायचं झालं तर बिल लाखाच्या पुढे जातं. दोन्ही एकाच वर्षात गेल्याची उदाहरणंही आहेत.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिनावर पहिला अर्धा तास तुम्हीच चालवा. सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर न देता नुसता ब्रेक सोडून सरकवा. पहिल्याचा दुसरा आणि दुसऱ्याचा पहिला गिअर पडताना थरथर जाणवते का, ते पाहा. मग चढावर रिव्हर्स. त्यानंतर फोक्सवॅगनचा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचे कोड वाचून घ्या. पाचशे-हजाराचा ब्लूटूथ स्कॅनर इंजिनाचे कोड दाखवतो, गिअरबॉक्सच्या पोटात शिरत नाही. मालक गॅरेजला न्यायला नाही म्हणाला तर तिथूनच नमस्कार करा.

२०२० नंतरच्या पोलोत १.० लिटरचं ११० पीएसचं इंजिन आलं आणि ऑटोमॅटिकही टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे कोरड्या क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा, झाला. डोकेदुखी खूप कमी, पण तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही. बजेट वाढणारच नसेल तर दोन मॅन्युअल गाड्या सुचवतो. एक बलेनो आरएस (२०१७ पासून, १०२ पीएस, मागेही डिस्क ब्रेक). दुसरी टाटा टियागो जेटीपी (२०१८, ११४ पीएस). जेटीपी फार थोड्या विकल्या गेल्या आणि २०२० मध्ये टाटा आणि जयेमचा तो संयुक्त उपक्रमच गुंडाळला गेला, त्यामुळे तिचे खास बंपर वगैरे शोधत बसावं लागेल. इंजिन आणि चासी मात्र टाटाच्या कुठल्याही बऱ्या गॅरेजला कळते.

रत्नागिरीत फियाट लिनिया टी-जेट २०११, फक्त एक लाख ऐंशी हजारांत मिळतेय. रोज वापरायला कशी?

रोज वापरायला नाही. गाडी म्हणून मला फार आवडते. १.४ टर्बो, ११४ पीएस, २०७ न्यूटन-मीटर, आणि हायड्रॉलिक स्टिअरिंगची ती पकड आजच्या दुप्पट किमतीच्या गाड्यांतही सापडत नाही. पण फियाटने भारतातला गाशा गुंडाळून काही वर्षं झाली. लोक सांगतात, ‘फियाटचं इंजिन तर स्विफ्टमध्येही होतं, पार्ट कुठेही मिळतात.’ ते खरं आहे १.३ मल्टिजेट डिझेलबद्दल. रांजणगावला बनलेलं ते इंजिन स्विफ्टमध्येही गेलं आणि इंडिका व्हिस्टामध्येही, त्यामुळे त्याचा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही भेटतो. टी-जेट पेट्रोलला तो आधार नाही. टर्बोचा पाइप फाटला किंवा हेडलाइट फुटला की पुण्याला फोन, मग कुरिअर, मग वाट बघणं. तेवढे दिवस तुम्ही एसटीने जाणार.

घरात दुसरी गाडी असेल आणि ही रविवारी घाटात न्यायची असेल, तर घ्या. फक्त आधी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा टोकरून बघा. समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाकं धरणारी खालची चौकट) आणि ब्रेकचे लोखंडी पाइप खाल्लेले असले तर एक लाख ऐंशीही जास्तच.

छत्रपती संभाजीनगरात जुनी ऑक्टेव्हिया आरएस बघतोय, २००८ ची. वर्षाला मेंटेनन्स किती धरू?

तुमच्या गावच्या शेंद्र्याच्या कारखान्याने स्कोडावर हात बसलेली मेकॅनिकांची एक पिढीच तयार केली. ही गाडी बाळगायला महाराष्ट्रात याहून बरं गाव शोधावं लागेल.

माझा आडाखा असा : पहिल्या वर्षी दीड लाख, पुढे वर्षाला पन्नास-साठ हजार, पेट्रोल आणि विमा सोडून. पहिल्या वर्षाचा आकडा मोठा, कारण विकणाऱ्याने शेवटची दोन-तीन वर्षं खर्च टाळलेला असतो. गाडी विकायची ठरली की टायमिंग बेल्ट कोण बदलतो? तो आल्या आल्या बदला. वॉटर पंप त्याच कामात येतो, म्हणून तोही, आणि बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर. आधीच्या मालकाने ‘बदललाय’ म्हटलं आणि बिल दाखवलं नाही, तर बदललेला नाही असं धरायचं. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग हेड उतरवावं लागतं.

पुढचा खर्च रबराचा. १.८ लिटरच्या या वीस व्हॉल्व्हच्या टर्बो इंजिनाभोवती व्हॅक्यूमचे बारीक पाइप खूप आहेत, आणि इतक्या वर्षांनी ते कडक होऊन चिरतात. गाडी ओढत नाही, लोक टर्बो गेला म्हणून घाबरतात, आणि निघतो दोनशे रुपयांचा पाइप. इग्निशन कॉइल हे या इंजिनाचं जुनं दुखणं, एक जास्तीची कॉइल डिकीत असू द्या. पुढच्या लोअर आर्मचे बुश आणि शॉकअप आपल्या रस्त्यांवर टिकत नाहीत, ते धरूनच चाला. इंजिन ऑइल स्कोडाने सांगितलेल्या ग्रेडचंच, आणि दर साडेसात हजार किलोमीटरला. पुस्तकात मोठा आकडा असला तरी.

गाडी पंधरा वर्षांपुढची, म्हणजे पुन्हा पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण, आलं. नोंदणी नूतनीकरणाची फी २०२२ पासून पाच हजार रुपये आहे, वर ग्रीन टॅक्स. २००८ च्या गाडीचं हे आधीच झालेलं असायला हवं, आरसीवरची मुदत बघून घ्या. थर्ड पार्टी विम्यातही इंजिनाचा आकार नडतो. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६, आणि त्याखाली २,०९४.

सांगलीतली एक गाडी बाजारभावापेक्षा लाखाने स्वस्त आहे. पुरातली असेल का?

असू शकते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला बुडालेल्या गाड्या पुढे धुऊन-पुसून बाजारात आल्या. विकताना त्या गावातच विकतील असंही नाही, तेव्हा सांगलीपेक्षा पुण्या-मुंबईची स्वस्त गाडी बघतानाही हेच करा. सीटबेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढा आणि शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ आहे का पाहा. बेल्ट कोणी धुवत नाही. सीटखालचे रेल आणि बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात कोपऱ्यात माती आहे का, तेही बघा. विमा कंपनीकडे आधीच्या क्लेमची माहिती मालकालाच मागायला लावा. शंका राहिली तर सोडून द्या. पाणी शिरलेलं वायरिंग दोन-दोन वर्षांनी त्रास द्यायला लागतं.

नागपूरला आहे. दिल्लीच्या गाड्या इतक्या स्वस्त का? तिथून आणली तर?

दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने (एनजीटी) २०१४-१५ मध्ये दिल्ली परिसरात बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. पुढे नियमांत फेरफार होत राहिले, पण टांगती तलवार आली की लोक पडेल भावात विकतात. गाड्या वाईट नसतात. खारी हवा नसल्याने पत्रा तर कोकणच्या गाडीपेक्षा कितीतरी चांगला.

खर्च कागदांचा. दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला (फॉर्म २८), बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०, आणि नवीन एमएच नंबरसाठी फॉर्म २७. शिवाय गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा रस्ता कर पुन्हा भरायचा. तो आकडा आरटीओतून आधी काढून घ्या, मग दिल्लीच्या किमतीत मिळवा. एजंट आणि प्रवास धरला की लाखाची बचत बरेचदा वीस-पंचवीस हजारांवर येते. ‘एनओसी नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नका.

माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. त्याला रिमॅप केलेली पोलो घ्यायची आहे, ‘फक्त सॉफ्टवेअर आहे, आई’ म्हणतो. ठाण्याहून विचारतेय.

ताई, रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. सॉफ्टवेअर आहे हे खरं, पण त्याने वाढलेला जोर लोखंडाला सोसावा लागतो. डीक्यू२०० गिअरबॉक्सची क्षमता २५० न्यूटन-मीटरची. त्याच्या काठापर्यंत ताणलेली, कोणी कशी चालवली ते माहीत नसलेली गाडी बावीस वर्षांच्या मुलाने घेऊ नये. शिवाय कंपनीच्या रचनेत केलेले बदल विम्याला कळवलेले नसतील तर क्लेम अडतो. त्याला साधी, मॅन्युअल, कंपनीच्या सेटिंगमधली गाडी घेऊ द्या आणि उरलेल्या पैशांत चार चांगले टायर. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे त्यालाच वाचायला सांगा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी पावसात धरत नाही.

नाशिकला माझ्याकडे २००२ ची होंडा सिटी व्हीटेक आहे. विकायची इच्छा नाही. ई२० पेट्रोलने तिचं काय होईल?

विकू नका. १०६ पीएसचं ते इंजिन वरच्या आरपीएमला जसं गातं तसं नंतरच्या ‘डॉल्फिन’ टोपणनावाच्या सिटीने कधी गायलं नाही.

ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज कमी होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धर्तीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्क्यांची घट धरली आहे. ती सोसता येईल. काळजी रबराची. तुमच्या गाडीचे पेट्रोलचे पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनलेले नाहीत. ते एकदाच सगळे काढून इथेनॉल सोसणारे टाका, सोबत फिल्टरही. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. टाकी भरलेली असू द्या आणि आठवड्याला एकदा त्र्यंबकपर्यंत चक्कर मारा.

आणि पासिंग. २०१७ नंतर २०२२ ला झालं असेल तर पुढचं २०२७ मध्ये. वीस वर्षांपुढच्या कारला नूतनीकरणाची फी २०२५ पासून दहा हजार झाली आहे. फिटनेसच्या आधी हेडलाइटच्या काचा पॉलिश करून घ्या आणि हँडब्रेकची केबल बघा.