‘रिंग कॉम्पोझिशन’ला मराठीत काय म्हणावं? वर्तुळ नको, संपुट घ्या

प्रश्न असा आहे: कुरआनच्या रचनेवर लिहिताना ‘रिंग कॉम्पोझिशन’ला ‘वर्तुळाकार रचना’ म्हणावं की ‘सममिती’? आणि ‘कायॅझमस’ म्हणजे तेच का?

दोन्ही मराठी शब्द मला अपुरे वाटतात. वर्तुळ म्हटलं की निघालो तिथेच परत आलो एवढंच कळतं. या रचनेत पहिलं शेवटच्याशी, दुसरं उपान्त्याशी अशा जोड्या जुळत आत जातात आणि मधोमध एक विधान एकटं उरतं. वर्तुळाच्या परिघावर असं एकटं काही नसतं. ‘सममिती’त दोन्ही बाजू सारख्या असाव्यात अशी अपेक्षा येते, इथे दुसरी बाजू पहिलीला उत्तर देते, तिची नक्कल करत नाही.

आपल्याकडे ‘संपुट’ हा शब्द तयार आहे. वैद्यकातलं शरावसंपुट पाहा: मातीची दोन पसरट भांडी तोंडाला तोंड लावून ठेवायची, सांधा मातीकापडाने लिंपायचा, औषध आत. दोन पुटं आणि त्यांच्यामध्ये जपलेलं काहीतरी, हे सगळं त्या एका शब्दात येतं. मंत्राच्या मागेपुढे दुसरा मंत्र लावून केलेल्या पाठाला ‘संपुटित पाठ’ म्हणतातच. तिथे दोन्ही टोकांना एकच मंत्र असतो, इथे टोकं वेगळी असतात. तेवढा अर्थविस्तार शब्दाला सहज पेलतो.

आता आयतुल कुर्सी या आयतीला (सूरा 2, आयत 255; सूरा म्हणजे कुरआनचा अध्याय, आयत म्हणजे त्यातलं वचन) हा शब्द लावून पाहू. तिची नऊ विधानं पडतात. (1) अल्लाहवाचून कोणी उपास्य नाही. तो चिरंजीव, सर्वांना धारण करणारा. (2) त्याला डुलकी लागत नाही, झोपही नाही. (3) आकाशांत आणि पृथ्वीत जे आहे ते त्याचं. (4) त्याच्या परवानगीशिवाय त्याच्यापाशी रदबदली कोण करील? (5) त्यांच्या पुढे काय, मागे काय, तो जाणतो. (6) त्याच्या ज्ञानातलं त्यांना काही गवसत नाही, तो इच्छील तेवढ्याशिवाय. (7) त्याची कुर्सी आकाशं आणि पृथ्वी व्यापून आहे. (8) त्यांचं रक्षण त्याला थकवत नाही. (9) तो सर्वोच्च, महान.

3 आणि 7 मध्ये ‘समावात’ (आकाशं) आणि ‘अर्द’ (पृथ्वी) हेच शब्द आहेत. 4 आणि 6 मध्ये ‘इल्ला’, म्हणजे ‘शिवाय’, हा सांधा आहे. 1 आणि 9 मध्ये ईश्वराच्या नावांची एकेक जोडी. या तीन जोड्या शब्दांवर उभ्या आहेत. 2 आणि 8 ची जोडी फक्त अर्थाची (झोप नाही, थकवा नाही), म्हणून तिला मी थोडं कमी वजन देतो. मधलं पाचवं विधान स्वतःच ‘पुढे’ आणि ‘मागे’ बोलतं, गाभा तो. (आपली ‘खुर्ची’ याच ‘कुर्सी’वरून आली, पण अनुवादात ‘खुर्ची’ लिहू नये, ‘आसन’ बरं.)

‘कायॅझमस’ म्हणजे याची सर्वांत छोटी आवृत्ती: क-ख, मग ख-क. तिला ‘व्युत्क्रम’ पुरेल. अरबी अलंकारशास्त्रात याला जवळची संज्ञा ‘लफ्फ व नश्र’, म्हणजे गुंडाळणं आणि उलगडणं. क्रमाने उलगडलं तर तो आपला ‘यथासंख्य’ अलंकार: सूरा 28, आयत 73 मध्ये रात्र आणि दिवस, मग विश्रांती आणि उपजीविकेचा शोध. उलट्या क्रमाने उलगडलं तर व्युत्क्रम: सूरा 3, आयत 106-107 मध्ये काही चेहरे उजळतील, काही काळवंडतील, मग खुलासा आधी काळवंडलेल्यांचा, नंतर उजळलेल्यांचा. वाक्य सरळ करण्याच्या भरात अनुवादकाने हा क्रम बदलला, तर मराठीत व्युत्क्रम उरतच नाही.

अक्षरं उलटसुलट सारखी वाचता येतात तेव्हा मात्र ‘विलोम’. ‘कुल्लुन फी फलक’ (सूरा 36, आयत 40; ‘सर्व आपापल्या कक्षेत’) अरबी लिपीत काफ-लाम-फा-या-फा-लाम-काफ असं लिहितात: सात अक्षरं, मधोमध ‘या’. ‘रामाला भाला मारा’ यातही सातच, मधोमध ‘भा’. फरक असा की अरबीत फक्त लिहिलेली अक्षरं मोजतात, ऱ्हस्व स्वरांच्या खुणा नाहीत. म्हणून देवनागरीत उतरवलं की विलोम दिसेनासा होतो. तो दाखवायचा तर अक्षरांची नावंच लिहावी लागतात.

संपुट शोधताना सर्वांत जास्त घोटाळा मथळ्यांमुळे होतो. दोन परिच्छेदांना ‘ईश्वराची थोरवी’ असं नाव आपणच दिलं की ते जुळणारच. कुरआनात ते कशालाही लागू पडेल. आधी मूळ अरबीतला समान शब्द किंवा धातू दाखवा, मथळा मागून द्या. सूरा 23 च्या पहिल्या आयतीत श्रद्धावंत ‘यशस्वी झाले’ आणि 117 व्या आयतीत नाकारणारे ‘यशस्वी होत नाहीत’. दोन्हीकडे धातू एकच, फ-ल-ह. हे पक्कं बाह्य संपुट. (118 वी आयत ही समारोपाची प्रार्थना.) दुसरा घोटाळा आकड्यांचा. सूरा बकराच्या (सूरा 2) 286 आयतींपैकी 143 वीत ‘मधला समुदाय’ हे शब्द येतात, हे लक्षवेधी आहेच. पण 286 ही कूफी (कूफा शहराच्या परंपरेतली) गणना आहे, बसरी (बसरा शहराच्या) गणनेत 287 भरतात. तेव्हा मध्य ठरवताना आयतींच्या क्रमांकापेक्षा आशयाच्या खंडांवर भिस्त ठेवावी.

उर्दू ग्रंथांत याच चर्चेत ‘नज्म’ शब्द भेटतो. कुरआनचे भाष्यकार हमीदुद्दीन फराही (1863-1930) आणि त्यांचे शिष्य अमीन अहसन इस्लाही यांनी सूरेच्या अंतर्गत सुसंगतीसाठी तो वापरला. त्याचा अनुवाद ‘कविता’ करू नका. मूळ अर्थ मोती ओवणं, मराठीत ‘गुंफण’. गुंफण ही व्यापक संज्ञा, संपुट हा तिचा एक प्रकार. सूरेला गुंफण असते म्हणून तिच्यात संपुट सापडेलच असं नाही.